हुंकार आणि होकार

आमच्याकडं कुणी बोलत असलं की ऐकणाऱ्यानं मधूनमधून ‘व्हय’ म्हणायचं असतं. त्याला हुंकार देणं म्हणतात. नाही दिला तर बोलणारा थांबतो आणि विचारतो, “ऐकून राहिला का झोपला?” माझे वडील, मी त्यांना बा म्हणायचे, सडकेवर गँगमन होते. वारंगा फाट्याकडं जाणाऱ्या रस्त्याचे खड्डे बुजवण्यात त्यांचा जन्म गेला. शाळेला सुट्टी असली की मी दुपारी त्यांची भाकर घेऊन जायचे. भाकर खाऊन झाली की बा डांबराच्या रिकाम्या पिंपाला टेकून गोष्ट सांगायला लागायचे आणि हुंकार द्यायचं काम माझ्याकडं यायचं. एक राजा व्हता. व्हय. त्याला दोन राण्या. व्हय. माझं सगळं लक्ष बाभळीवरच्या सरड्याकडं असायचं, पण तोंडानं व्हय चालूच. एकदा बा मुद्दाम म्हणाले, “अन् मंग त्या राजानं तुला गिळलं.” मी म्हणाले, “व्हय.” बांना हसता हसता ठसका लागला.

हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या उभ्या आयुष्यात मी एक मोठं काम केलं आणि ते या एका शब्दावर केलं. फुशारकी वाटली तर वाटू द्या. तीस वर्षं दुसऱ्यांचे ताप मोजलेत, एवढी फुशारकी मला शोभते.

मी नर्स झाले. बाळापूरला आमच्या वस्तीतून पांढरा ड्रेस घालून बाहेर पडणारी पहिली मीच. बाळापूर आणि फाटा यांच्या मधे तेव्हा एका ट्रस्टचा छोटा दवाखाना होता. आता तिथं टायरचं दुकान आहे. हायवे जवळ, त्यामुळं अपघाताचे पेशंट ठरलेले. माझ्या नाकावर राग असायचा, हे मी कबूल करते. आमचे मोठे डॉक्टर म्हणायचे, या सिस्टरला इंजेक्शन हातात घ्यायची गरज नाही, तिनं नुसतं बघितलं तरी पेशंट टोचल्यासारखा उठून बसतो.

हाड बसवायला, जखम शिवायला आमच्याकडं भूल द्यायची ती बहुतेक वेळा केटामाइनची. जुनं, खात्रीचं औषध. पण त्याची एक खोड होती. माणसाचे डोळे उघडे असायचे आणि माणूस मात्र तिथं नसायचा. शुद्धीवर येताना एकेक जण काय काय बोलायचा! एक म्हातारा मला म्हणाला, “सिस्टर, म्या औंढ्याच्या कळसावर बसलो व्हतो. खाली समदे नागनाथाच्या पाया पडून राहिले व्हते, अन् मला वाटलं माझ्याच पडून राहिले.” एका बाईनं रडत रडत अख्ख्या वॉर्डाला माफ करून टाकलं, एका सासूला सोडून. आम्ही हसायचो आणि विसरून जायचो. हे भूल उतरतानाचं बडबडणंच कधी कुणाला औषध म्हणून वापरावंसं वाटेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

हिंगोली जिल्हा नुकता वेगळा झाला होता, त्या सुमाराला एका मोठ्या शहरातले मानसोपचाराचे डॉक्टर आमच्याकडं आले. चाळिशीचे, चष्मेवाले, बोलायला गोड. त्यांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. अपघातातून माणूस वाचतो, पण त्याच्या मनातून अपघात जात नाही. हॉर्न वाजला की तो परत त्याच गाडीत जाऊन पडतो. या औषधाची मात्रा भुलीपेक्षा पुष्कळ कमी ठेवून दिली, तर घट्ट आवळलेलं मन थोडं सैल होतं. त्या सैलपणात आणि नंतरच्या दिवसांत नीट बसून बोललं, तर भीती कमी होते का, हे त्यांना तपासायचं होतं. “होतेच असं मी म्हणत नाही,” ते म्हणाले. “होते का, ते बघायचं.” मला हे आवडलं. माझ्या बघण्यात आलेला हा पहिला डॉक्टर, ज्याला एखादी गोष्ट माहीत नव्हती आणि तो ते सांगत होता.

त्यांच्या कामाला त्यांनी मला निवडलं. का, तर इथली माणसं माझ्याशी बोलतात. त्यांनी मला नियम शिकवले. औषध देताना खोलीत कायम दोघं जण पाहिजेत, एकटा डॉक्टर नको. पेशंट घाबरला तर त्याचा हात धरायचा का, हे औषधाच्या आधी विचारून घ्यायचं. औषधात असताना विचारायचं नाही, कारण तेव्हा माणूस कशालाही हो म्हणतो. पेशंटला नको वाटलं तर कधीही सोडून जाता येईल आणि गेला म्हणून त्याच्या बाकीच्या उपचारात कमी करायचं नाही. हे शेवटचं ऐकून मला हसू आलं होतं. आमच्याकडं डॉक्टरला नको म्हणणारा पेशंट मी पाहिला नव्हता.

माझं मुख्य काम संमतीपत्र वाचून दाखवायचं. चार पानी कागद. कुणाला खरं औषध आणि कुणाला नुसतं सलाइनचं पाणी, हे चिठ्ठ्या टाकून ठरणार, हेही त्यातच. ‘सदर संशोधनाचे स्वरूप मला समजावून सांगण्यात आले असून मी स्वेच्छेने सहभागी होत आहे.’ हे मराठी कोणत्या गावचं, देव जाणे. त्यात सारखा ‘अभ्यास’ हा शब्द होता. एका ट्रक ड्रायव्हरनं मला मधेच थांबवून विचारलं, “अभ्यास तुमचा, तर औषध आमी काहून प्यावं?” मी म्हणाले, “गप ऐका.” तो गप ऐकू लागला. त्यानंही व्हय व्हय म्हटलं आणि अंगठा दिला. सगळ्यांनीच दिला. वाचताना टेप चालू ठेवायचा, असा नियम होता, म्हणजे नीट वाचलं याचा पुरावा राहतो. डॉक्टर कागद चाळून म्हणाले, “कमाल आहे सिस्टर, तुमच्याकडं एकही नकार नाही!” माझी छाती अशी फुगली की विचारू नका. आज ते आठवलं की स्वतःच्याच दोन मुस्काटात द्याव्या वाटतात.

त्यात एक तांड्यावरची बाई होती. तिशीतली, उंच, हातभर बांगड्या. औंढ्याहून येताना काळी-पिवळी जीप उलटली, त्यात तिची चार वर्षांची पोरगी तिच्या मांडीवर गेली. बाईचा गुडघा तेवढा मोडला. तेव्हापासून ती कशातच बसत नव्हती, जीप नाही, एसटी नाही. हॉर्न वाजला की असेल तिथं रस्त्याच्या कडेला डोकं धरून खाली बसायची. दवाखान्यात यायची ती काठी टेकत, तांड्यावरून चालत. तिच्या नवऱ्याला घाई होती. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, त्या जोडीला कोयता म्हणतात. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि कारखान्याकडं जायचं तर ट्रकमध्ये बसावंच लागतं. नवरा वाईट नव्हता. पण त्याला दिवाळीच्या आत बायको बरी पाहिजे होती.

तिला पहिलं औषध दिलं तेव्हा मी खोलीत होते. डोळे हळूहळू डावीकडं-उजवीकडं सरकायला लागले, चेहरा सैल पडला. डॉक्टर हलक्या आवाजात बोलत होते. ती म्हणाली, “लेकरू जड झालं वं मांडीवर.” मग म्हणाली, “उठली. चालली.” डॉक्टर म्हणाले, “जाऊ द्या तिला. जाऊ द्या.” ती म्हणाली, “व्हय.” ती अजून औषधातच होती तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “पुढच्या वेळी मात्रा थोडी वाढवू. आणि व्हिडिओ घेऊ, दुसऱ्या डॉक्टरांना शिकवायला. चालेल ना?” “व्हय,” ती म्हणाली. डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं. पुढची तारीख गुरुवारची पडली. मला काहीच खटकलं नाही. उलट मला वाटलं, चला, सुटली बिचारी.

टेप ऐकून शब्द न शब्द उतरवून काढायचा, हेही माझंच काम. रविवारी दुपारी ओपीडी बंद असताना मी तिची टेप लावून वही उघडली. डॉक्टर विचारतात, “गुडघा दुखतोय का?” ती म्हणते, “व्हय.” थोड्या वेळानं डॉक्टर विचारतात, “आता दुखत नाही ना?” ती म्हणते, “व्हय.” मी लिहिलं आणि थांबले. दुखतोय पण व्हय, दुखत नाही पण व्हय? पुढं टेपवर कुणीच काही बोलत नाही, नुसता पंखा घरघरतो आणि तेवढ्यात परत तिचा आवाज, “व्हय.”

मी उठून तिच्या संमतीची टेप शोधून काढली. माझाच आवाज, शाळेत पाढे घोकावेत तसा. प्रत्येक वाक्याला तिचं व्हय. मी पान उलटताना खोकले, तिथं व्हय. मी आयाबाईला ओरडून सांगितलं, “वो मावशी, पंखा लावा,” तिथं पण व्हय! मला फसकन हसू आलं. बाभळीखाली मी असंच राजाच्या पोटात गेले होते. आणि मग मी टेप बंद केली.

कारण मला बा आठवले. गोष्टवाले नाही, दुसरे. मी दोन वर्षांची असताना, आणीबाणीच्या दिवसांत, सडकेवरच्या माणसांना ट्रकमध्ये घालून नसबंदीच्या शिबिराला नेलं होतं. साहेब कागद वाचत होता आणि बा व्हय व्हय म्हणत होते. मग अंगठा घेतला, मग आत नेलं. हे मला आईनं सांगितलं, ती जाण्याच्या थोडं आधी. बांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. मी एकुलती एक. माझ्यानंतर आमच्या घरात पाळणा हलला नाही, तो का हलला नाही ते मला आई सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. आणि आता मी पांढरा ड्रेस घालून त्याच साहेबासारखी कागद वाचत बसले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि राग काढायला समोर माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

सोमवारी मी तांड्यावर गेले. बाई दारात ज्वारी पाखडत होती. मी सूप तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवलं आणि विचारलं, “बाई, म्या त्या दिवशी तुमाला कागद वाचून दाखवला, त्यात काय लिवलं व्हतं?”

“मला काय ठाव? तुमी वाचून राहिल्या व्हत्या, म्या ऐकून राहिले व्हते.”

“मंग व्हय व्हय काहून म्हणत व्हत्या?”

ती माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मलाच डोक्याचं औषध पाहिजे. “माय वं! तुमी एवढा घसा फोडून राहिल्या, अन् म्या हुंकार बी देऊ न्हाई?”

“अन् अंगठा?”

“तो गुडघ्याच्या पट्टीसाठी न्हाई का? मालक म्हणले दे, दिला.”

मी तिला साध्या भाषेत सगळं सांगितलं. औषध कशाचं, ते अजून पक्कं ठरलेलं नाही, गुरुवारी जास्त मात्रा देणार, फोटो काढायचं यंत्र लावणार. या वेळी तिनं एकदाही हुंकार दिला नाही. ती कान देऊन ऐकत होती. मग म्हणाली, “बाई, त्या औषधात पोरगी माझ्या मांडीवरून उठली. चालत चालत लांब गेली. म्या हाका मारल्या, वळली न्हाई. अन् तो डॉक्टर म्हणून राहिला, जाऊ द्या, जाऊ द्या. मला न्हाई जाऊ द्यायचं तिला.” आणि ती रडायला लागली. मी पण रडले. नर्सनं पेशंटसमोर रडायचं नसतं, मला ठाऊक आहे. रडले.

गुरुवारला तीन दिवस होते. डॉक्टर शहरातून मंगळवारी यायचे आणि गुरुवारपर्यंत राहायचे. ते आले, त्यांनी बॅग ठेवली आणि मी म्हणाले, “सर, ती तांड्यावरची बाई व्हय म्हणाली, पण हो म्हणाली नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे तिनं हुंकार दिला. होकार दिला नाही.”

ते हसले. “सिस्टर, इकडं ‘हो’ला ‘व्हय’ म्हणतात, एवढं मला इथं येऊन कळलंय.”

“एवढंच कळलंय,” मी म्हणाले आणि टेप लावली.

दुखतोय का, व्हय. दुखत नाही ना, व्हय. पंखा, व्हय. माझी टेप लावली. खोकला, व्हय. डॉक्टरांनी चष्मा काढला. मला वाटलं समजलं, पण ते भडकलेच. “मग तुम्ही काय करत होता? वाचलं तुम्ही. अंगठे तुम्ही घेतले. तुम्ही इथल्या, मी बाहेरचा!” तोंडात मारल्यासारखं झालं, कारण ते खरं होतं.

“व्हय,” मी म्हणाले. “हा होकार आहे सर. चूक माझी आहे. पण दुसरी तुमची आहे. हात धरायचा असला तर औषधाच्या आधी विचारायचं, हे तुम्हीच शिकवलं. मग मात्रा वाढवायची, व्हिडिओ काढायचा, ते औषधात कसं विचारलं? आणि लेकरू जाऊ द्या, हे तिला कुणी विचारलं?”

त्यांनी टेप बंद केली. मग हळू आवाजात म्हणाले, “सगळ्यांच्या संमत्या परत घ्यायच्या म्हणजे अभ्यास मोडला, सिस्टर. अर्धे लोक जातील. अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीला काय सांगू?” तेव्हा मी त्यांना बांचं सांगितलं. रडून नाही, ओरडून सांगितलं. बाहेर आयाबाई झाडू हातात धरून उभी राहिली होती. बोलून झालं आणि मी टेप काढून पाकिटात घातली. नोकरी गेली असं मी धरूनच चालले होते.

डॉक्टरांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी विचारलं, “मग विचारायचं कसं? इथली माणसं मला नाही म्हणतील कशी?”

त्यांनी हे मला विचारलं! चार पुस्तकं कमी शिकलेल्या, गँगमनच्या पोरीला. आणि गंमत म्हणजे उत्तर मला येत होतं. मी म्हणाले, “सर, आमच्यात बोलणारा सांगतो आणि ऐकणारा हुंकार देतो. तुम्ही बोलता म्हणून ते हुंकार देतात. उलटं करा. त्यांना सांगू द्या. कागदात काय आहे ते त्यांनी सांगायचं, त्यांच्या तोंडानं. हुंकार तुम्ही द्या.”

तसंच झालं. गुरुवारचं औषध डॉक्टरांनी रद्द केलं, समितीला सगळं खरं खरं लिहून पाठवलं आणि तिकडून उत्तर येईपर्यंत कुणालाच काही द्यायचं नाही असं ठरवलं. उत्तर आलं, परत संमती घ्या. मी कागद आमच्या बोलीत लिहून काढला. ‘स्वेच्छेने’ खोडून ‘माझ्या मनानं, कुणाच्या म्हणण्यानं न्हाई’ असं केलं. आज ऐकायचं, घरी जायचं, दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचं. सोबत आलेल्या माणसानं बाहेर बाकड्यावर बसायचं, मग तो नवरा असो की गावचा सरपंच. आणि डॉक्टरांना मी हुंकार द्यायला शिकवलं. आधी ते भलत्याच ठिकाणी व्हय म्हणायचे, वाक्य अर्धवट असताना. सांगणारा बावचळायचा. मी म्हणायचे, “सर, श्वास घेतला की द्या.” शिकले. पुढं पुढं तर बरे देत होते.

ती बाई आली. नवरा बाहेर बाकड्यावर, तोंड फुगवून. डॉक्टरांनी खुर्ची सोडली आणि स्टुलावर बसले. ती म्हणाली, “ह्या औषधानं मानूस थोडा येळ आपल्यात ऱ्हात न्हाई.” व्हय. “कुणाला औषध भेटतं, कुणाला नुसतं सलाइनचं पाणी. ते चिठ्ठ्या टाकून ठरतं.” व्हय. “भीती जाती का न्हाई ते तुमाला बी ठाव न्हाई.” डॉक्टर जरा अडखळले. व्हय. “म्या नको म्हणलं तरी गुडघ्याची पट्टी भेटती.” व्हय. चार पानांचा कागद तिनं चहा पिता पिता सांगून टाकला. मी इतक्या वेळा तो वाचला होता, पण एवढा स्वच्छ मला कधी वाचता आला नाही.

मग डॉक्टरांनी विचारलं, “आता सांगा. औषध पुढं घ्यायचं का?”

ती पदराशी चाळा करत राहिली. दाराकडं बघितलं, दाराच्या पलीकडं नवऱ्याचं खोकणं ऐकू येत होतं. माझ्याकडं बघितलं. मी मुद्दाम भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते, कारण माझ्या तोंडावर काही दिसलं तर ती तेच म्हणेल अशी मला धास्ती होती.

“न्हाई,” ती म्हणाली. आणि मग, एकदा तोंडातून गेल्यावर, मोठ्यानं, “न्हाई. मला भ्या वाटतं, वाटू द्या. चालत जाईन. पर पोरगी माझ्या मांडीवरच ऱ्हाऊ द्या.”

डॉक्टर म्हणाले, “बरं.” त्यांनी पेन काढलं, तिच्या कागदावर ‘नाही’ लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. मग उठून स्वतः तिच्या गुडघ्याची पट्टी बदलली. मानसोपचाराच्या डॉक्टरला पट्टी बांधता येत नव्हती, सैल झाली. ती गेल्यावर... नाही, जायच्या आधी मीच ती सोडून परत बांधली.

बाहेर नवरा माझ्यावर धावून आला. “तुमीच पढवलं तिला!”

“म्या पढवलं न्हाई,” मी म्हणाले. “म्या ईचारलं. तुमी ईचारलं व्हतं का?” तो हात झटकत निघून गेला, पण रस्त्यावर जाऊन थांबला, आणि ती काठी टेकत पोचेपर्यंत तिथंच उभा राहिला.

औषधानं तिला बरं वाटलं असतं का, मला माहीत नाही. आजही माहीत नाही. कधी कधी वाटतं, असतं. तो विचार अजून टोचतो, खोटं कशाला बोलू. त्या साली त्यांचा कोयता गेला नाही, दोघांनी हळदीच्या कामावर दिवस काढले. ती दर मंगळवारी येत राहिली, औषधाशिवाय, नुसती बोलायला. पोरीच्या गोष्टी सांगायची आणि डॉक्टर हुंकार द्यायचे. दोन उन्हाळ्यांनंतर एका मंगळवारी ती बैलगाडीत बसून आली. खाली उतरून मला म्हणाली, “हिला हॉर्न न्हाई.” आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो.

बाकीच्यांपैकी काही जण गेले, पण अर्धे काही गेले नाहीत. जे राहिले ते पाय रोवून राहिले. अभ्यासवाला तो ट्रक ड्रायव्हर राहिला आणि सगळ्यांना बजावून सांगायचा की मी माझ्या मनानं आहे इथं. शेवटी डॉक्टरांनी कळवलं की काहींना फरक पडला, पण माणसं थोडी होती, छातीठोकपणे काही सांगता येत नाही. त्यांच्या छापलेल्या लेखात, म्हणे, एक परिच्छेद आमच्या व्हयवर होता. त्यात माझं नाव नव्हतं. नाव काय जाळायचंय? माझ्या कपाटात त्या टेप अजून असत्या तर मी सगळ्यांना ऐकवल्या असत्या, पण त्या नियमाप्रमाणं पुसून टाकल्या. तो नियमही बरोबरच होता.

ती न्हाई म्हणाली त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. दुपारची ड्युटी संपवून मी बाळापूरला घरी आले. बा दारात मोडक्या बाजेची सुतळी आवळत बसले होते. आता सडक सुटली होती, पण हात रिकामे ठेवणं त्यांना जमायचं नाही. मी समोर बसले आणि सगळं सांगायला लागले. बा सुतळी ओढत होते आणि हुंकार देत होते. एक बाई व्हती. व्हय. तिनं औषध घेतलं. व्हय. साहेबानं ईचारलं. व्हय. ती म्हणली, न्हाई.

हुंकार आला नाही. सुतळी हातातच राहिली.

“साहेबाच्या तोंडावर म्हणली?”

“तोंडावर.”

“अन् त्यानं काय केलं?”

“लिहून घेतलं.”

“न्हाई म्हणून लिवलं?”

“न्हाई म्हणूनच लिवलं, बा. वाचून बी दाखवलं तिला.”

“दवाखान्यातून भायेर न्हाई काढली?”

“न्हाई. पट्टी बांधून दिली.”

बा हसले. दात पडलेल्या तोंडानं, सगळं तोंड उघडून. “माझ्या पोरीनं केलं हे,” ते बाजेला म्हणाले, मला नाही. शेजारीण पाणी भरायला चालली होती, तिला थांबवून परत म्हणाले. मग सुतळी उचलली आणि गाठ मारायला लागले.

आईनं सांगितलेलं इतकी वर्षं माझ्या पोटात होतं. मी ते कधी काढलं नव्हतं, त्यांनी कधी काढू दिलं नव्हतं. त्या दिवशी मी हळूच विचारलं, “बा, त्या शिबिरात तुमाला न्हाई म्हणायचं व्हतं का?”

त्यांनी गाठ पुरी केली. दातानं सुतळी तोडायला गेले, दात नाहीत हे आठवलं आणि ती खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं.

“व्हय,” बा म्हणाले.